उंदरानं खाल्लेलं कोळसुंद्याचं बी

माझी सासू चांगुणाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, कधी ओरडायची न्हाई. त्याचीच मला जास्त भीती. ओरडणारी बाई परवडली, गप बसणारीपुढं माणूस जागच्या जागी मरतं.

नव्व्याण्णव साली लग्न होऊन मी डोंगरकड्याजवळच्या या घरात आले. ओढ्याकाठी ओलीचं रान, त्यात भोपळ्याचे वेल. भोपळे वारंगा फाट्यावर विकायचे, त्यावरच घर चालायचं. पण फुलं यायची अन् गळून जायची. उजाडलं की आत्याबाई वाकून नर फूल तोडायच्या, एकेका मादी फुलाला लावत फिरायच्या. कंबर धरून उठायच्या.

"हे काम मधमाशा करत न्हाईत काय?" मी एकदा विचारलं.

"माशांना मीच हाकललं, बाई."

पहिलं ओढ्याकाठी कोळसुंदा होता. चिखलातलं काटेरी झाड, जांभळी फुलं. त्याच्या बियांना बाजारात तालिमखाना म्हणतात. त्याच्यावर माशा दिवसभर घोंगावायच्या, तिथूनच भोपळ्यावर यायच्या. सासरे जळबा यांच्या पायात त्याचा काटा मोडला. पाय पिकला, महिनाभर खाट धरली. आत्याबाईंनी रागाच्या भरात सगळा कोळसुंदा मुळासकट उपटून जाळला. माशा गेल्या त्या गेल्याच. करायला गेले काय अन् झालं काय!

माझ्या लग्नानंतरच्या माघात त्या वसमतकडं भावाच्या गावी गेल्या. तिथल्या तळ्यात थोडा कोळसुंदा उरला होता, पण लोक तळं बुजवून राहिले होते. आल्या तेव्हा दोन्ही हात ओरबाडलेले, अन् फडक्यात मूठभर बी.

"पद्मा, जिवापाड जप. पाऊस लागला की पेरू."

जप म्हणाल्या, कसं ते सांगितलं न्हाई. माझ्या माहेरी पेरायचं बी आधी पाण्यात टाकायचे. तरंगलं ते पोचट, बुडालं ते पेरायचं. सासू खूश होईल म्हणून मी ते फडकं तसंच परातीतल्या पाण्यात सोडलं. बघता बघता सगळ्याचा शेंबडागत चिकट गोळा! बोटाला लागला तो सुटंना.

गोळा न्हाणीच्या मोरीत टाकला, वर घागरभर पाणी ओतलं, फडकं दोरीवर टाकलं. नवरा रत्नपाल अन् आत्याबाई रानातून आल्यावर सांगितलं, "बी उंदरानं खाल्लं." रत्नपाल बिचारा दोन दिवस उंदराचं बीळ शोधत फिरला. आत्याबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं अन् म्हणाल्या, "वाढ जेवायला."

तळं तर बुजलंच होतं. रोज सकाळी त्यांना वाकलेलं बघितलं की वाटायचं, आता सांगावं. जीभ उचलायची न्हाई. माझा मलाच संताप यायचा.

श्रावणात न्हाणीमागच्या चिखलात गवत माजलं. मी मुठीमुठीनं उपटून ढीग घातला अन् बोटात काटा रुतला. "आई गं!" ऐकून आत्याबाई आल्या. ढीग बघून मटकन खालीच बसल्या.

"पद्मा, कोळसुंदा हाय हा!"

मी ते झाड जन्मात पाहिलं नव्हतं. तिथंच मला रडू फुटलं. "उंदीर नव्हता, आत्याबाई. मीच पाण्यात घातलं."

"ठाव हाय. दोरीवरचं फडकं खळ दिल्यागत कडक झालं होतं. सहा महिने वाट बघून राहिले, तू कधी सांगती." त्यांचा आवाज फाटला. "तवाच बोलली असतीस, तर तो गोळा तसाच ओढ्याच्या चिखलात दाबला असता गं!"

एकेक रोप त्यांनी हातात घेऊन बघितलं. मुळं तुटलेली. मोरीच्या दगडाला लागून एक उरलं होतं. एकच. त्याच्याभोवती त्यांनी दगड रचले.

"मीबी रागानं उपटलंच होतं," एवढंच पुटपुटल्या.

कार्तिकात त्याला फुलं आली, माशाही आल्या, पण एका झाडानं काय होतं? त्या सालीही आत्याबाई भोपळ्याच्या फुलांपुढं वाकूनच होत्या.

बी पिकलं. ओंजळभरसुद्धा न्हाई. मी लांबच उभी होते. आत्याबाईंनी बोलावलं, ते बी माझ्याच पदरात बांधलं अन् गाठ ओढून म्हणाल्या,

"तुझ्या त्या उंदराला सांग, औंदा धुवू नको म्हणावं."