वहिनींचा ओटा

सकाळचा चहा झाला की आमच्या वहिनी ओट्यावर बसतात आणि मोबाइल उघडतात. सौंसरच्या आमच्या घरासमोरून नागपूरची बस गेली तरी त्यांची मान वर होत नाही. संत्रा बगीचेवाल्यांचा एक ग्रुप त्या चालवतात. कुणाच्या झाडाची पानं पिवळी पडली, कुणाच्या खोडातून डिंक निघाला, की त्याने फोटो टाकायचा आणि वहिनींनी उत्तर द्यायचं. दादांचं दुकान आहे, बगीचा वहिनी पाहतात. शेतकी कॉलेजात शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या सांगण्याला वजन आहे.

मला या उद्योगाचा राग यायचा. ग्रुप ज्या कंपनीच्या ॲपवर चालतो तिने वहिनींना कधी साधा चहा पाजला नाही. शिवीगाळ करणारे वहिनींनी काढायचे, थापाड्यांचा मजकूर वहिनींनी पुसायचा, आणि लोक त्यांचं उत्तर वाचायला जमले की मधल्या जागेत जाहिराती लावून कमाई कंपनीने करायची. मी त्यांना 'कंपनीच्या बिनपगारी दिवाणजी' म्हणायचो.

"कंपनीसाठी कुठं करून राहिली मी, भाऊजी?" त्या हसून म्हणायच्या. "लोकं मले विचारून राहिले, म्हणून सांगून राहिली."

मागच्या पावसाळ्यात पांढुर्ण्याकडच्या एका शेतकऱ्याने फोटो टाकला. आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना फुललेली, कच्ची फळं झाडाखाली पडलेली. वहिनींनी त्याला दोन-चार प्रश्न विचारले आणि लिहिलं, मुळांशी पाणी साचलंय, चर खणून ते बाहेर काढा, फवारणी काही करू नका. नेमकी त्याच उत्तराच्या खाली कंपनीने जाहिरात चिकटवली. फळगळ थांबवणारी बाटली, घरपोच. त्याने ती मागवली आणि फवारली. पानं करपली, उरलेली फळंही गळाली.

त्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. भांडायला केला नव्हता त्याने.

"ताई, तुमच्याच ओट्यावर दिसलं, म्हणून घेतलं जी," तो म्हणाला. "आता झाडं वाचतीन का, तेवढं सांगा."

ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. बाजाराच्या दिवशी कलमं विकणारे इथे कुणाच्या तरी ओट्यावर बसतात. संत्र्याचं कलम खरं की खोटं हे फळ धरेपर्यंत कळत नाही, आणि तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून घेणारा कलमाकडे कमी आणि ओट्याकडे जास्त पाहतो. घरमालकाने बसू दिलं म्हणजे त्याने जबान दिली. माल खोटा निघाला तर लोक त्याच्याच दारात येतात, आणि मला काय माहीत असं म्हणून त्याला सुटता येत नाही. त्या शेतकऱ्याने मोबाइलवरही तेच धरलं. ग्रुप वहिनींचा, म्हणजे तिथला विकणाराही वहिनींनीच बसवलेला.

वहिनींनी कंपनीकडे तक्रार केली. उत्तर इतकं झटपट आलं की ते माणसाने लिहिलेलं नसणारच. जाहिरात आमच्या नियमांत बसते, सहकार्याबद्दल आभार. माझं डोकं फिरलं.

"बंद करा तो ग्रुप!" मी ओरडलो. "कमाई त्यायची अन् बदनामी तुमची!"

दुसऱ्या दिवशी वहिनी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसल्या. कुरकुरत मीही बसलो.

बगीच्यात घोट्यापर्यंत चिखल होता. शेतकरी आणि त्याची बायको बांधावर उभी होती. वहिनी आधी त्यांच्यासमोर गेल्या.

"त्याले मी बसवलं नव्हतं. पण ओटा माझा हाये, तं पाहणं माझं काम होतं."

वहिनींनी पदर खोचला आणि झाडाझाडाजवळ जाऊन फांदीची साल नखाने खरवडून पाहिली. आत हिरवं होतं.

"बहार गेला," त्या म्हणाल्या, "पण झाडं जगतीन."

त्याची बायको तिथेच रडायला लागली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून चर खणले. माझ्या हातांना फोड आले, आणि ते पाहून वहिनींना हसू आलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. एवढी मोठी कंपनी हात झटकून मोकळी झाली होती, आणि जिला कमाईतलं काहीच मिळत नव्हतं ती चिखलात उभी होती.

घरी येऊन त्यांनी झालेलं सगळं ग्रुपवर लिहिलं. तेव्हापासून तिथे एक रीतच पडली. जाहिरात दिसली की कुणीतरी तिचा फोटो टाकून विचारतो, "ताई, याले तुम्ही बसवलं का?" वहिनी लिहितात, "नाही." दिवसभर हेच चालतं. त्यामुळे ग्रुपवर वर्दळ वाढली, आणि वर्दळीबरोबर जाहिराती. कंपनीने खूश होऊन वहिनींना एक बिल्ला दिला, तोही मोबाइलमध्येच दिसणारा. तो पाहून माझा तिळपापड झाला.

थंडी सरताना त्या शेतकऱ्याचा फोटो आला. करपलेल्या फांद्यांना नवी पालवी आणि पालवीत पांढरी फुलं. वहिनी तो बराच वेळ पाहत होत्या. मग मोबाइल ओट्यावरच ठेवून त्या डोळे पुसत आत गेल्या.

तेवढ्यात दुसरा फोटो आला. कसली तरी बाटली, घरपोच. "ताई, याले तुम्ही बसवलं का?"

वहिनींना हाक मारायचा मला धीर होईना. पण उत्तराची वाट पाहता पाहता कुणी ती बाटली मागवली तर, ही धास्तीही बसू देईना. शेवटी मी मोबाइल उचलला आणि ओट्यावर वहिनींच्या जागी बसून लिहिलं, "नाही. नका घेऊ."