दुधाचे निरोप पोचवणारे मुनीरसर

मुनीर अत्तार सरांवर दोन शब्द लिहा, असं त्यांच्या साठीच्या गौरव समितीनं सांगितलं तेव्हाच मी बजावलं, दोन शब्दांत माझं भागणार नाही. भूमच्या आमच्या दूध संघात मी संकलन विभाग सांभाळते आणि मला मोठ्यानं, सविस्तर बोलायची सवय आहे. सरांनी ती इतकी वर्षं हसतमुखानं सोसली, त्याबद्दल एक वेगळा सत्कार व्हायला हवा.

सरांची पहिली भेट माझ्या भांडणातून झाली. गावोगावच्या केंद्रांवर तेव्हा संगणक नुकतेच बसले होते. केंद्रावर दूध मोजलं की लिटर आणि फॅट यांचा निरोप निघायचा आणि माझ्या पडद्यावर उमटायचा. मधे सगळे निरोप गोळा करून ज्याचे त्याला पोचवणारी एक प्रणाली होती. तिला मेसेज ब्रोकर म्हणतात. पोस्टात टपाल वेगळं करतात तसं तिचं काम. पहिल्याच आठवड्यात माझा पडदा कोरा पडला. मी तणतणत संगणक विभागात गेले आणि तिथल्या उंच, शांत गृहस्थांना म्हटलं, "तुमचं हे ब्रोकर-बिकर उचला आणि फेकून द्या!"

उमरग्याहून नुकतेच रुजू झालेले ते गृहस्थ म्हणजे मुनीरसर. त्यांनी उठून मला खुर्ची दिली. "बसा बाई. शेवटचं नीट कधी चाललं होतं आणि त्यानंतर कुणी कशाला हात लावला, एवढं सांगा." माझा राग निम्मा तिथंच उतरला. चहा येईपर्यंत सरांना कारण सापडलं: निरोपांच्या एका रांगेचं नाव कुणीतरी बदललं होतं आणि केंद्रं बिचारी जुन्याच नावावर पाठवत बसली होती. कुणी बदललं, हे सरांना कळलं होतं. त्यांनी त्या मुलाला बाजूला घेऊन समजावलं आणि आम्हाला शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, हो!

सरांची कामाची पद्धत आमच्याकडं आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. बदलण्याआधी मोठ्यानं म्हणायचं, काय होतं आणि काय करतोय. मग हात मागं घ्यायचे, चहा प्यायचा आणि काय होतंय ते बघायचं. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला ही शिक्षाच. मी "अहो सर, ते दुसरंही बदलून टाका ना" म्हटलं की सर "तडी, तडी" म्हणतात. उमरग्याकडं कन्नड कानावर असतं; तडी म्हणजे थांब. रमजानमध्येसुद्धा ही चहाची शिस्त मोडत नाही. स्वतःचा रोजा असतो, पण आमच्यासाठी चहा मागवतात आणि आम्ही पिऊन होईपर्यंत पडद्याकडं बघत बसतात.

माझ्या यजमानांचं ऑपरेशन उमरग्याला झालं तेव्हा सरांच्या तिथल्या घरून, त्यांच्या पत्नी शमीमभाभींच्या हातचा डबा रोज दवाखान्यात यायचा. मी संकोचानं नको म्हटलं, तर सर म्हणाले, "तुमच्या भाभींना तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही." मीही सांगितलं नाही. भाभींच्या हातची खिचडी सोडायला मी काही वेडी नव्हते.

पण सरांचं खरं मोठेपण मला दिसलं ते शोभाताईंच्या वेळी. शोभाताई म्हणजे येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरच्या आमच्या केंद्रचालक. एकट्या बाई, ते केंद्र हाच त्यांचा मान. त्यांच्या कॅनमध्ये दूध जास्त आणि नोंदी कमी, असं व्हायला लागलं. लगेच कुजबुज सुरू झाली, की बाई बाहेरचं दूध आपल्या कॅनमध्ये ओतून घेते. पुढच्या बैठकीत केंद्र काढून घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. ताई फोनवर रडल्या. "बाई, माझ्यावर आळ आलाय वो. म्या तोंड कुठं दाखवू?"

सरांनी खुर्चीत बसून निकाल दिला नाही. सकाळच्या पहिल्या एसटीनं वस्तीवर गेले, मलाही नेलं. नऊ वाजले की संकलनाचं यंत्र आपोआप बंद होतं, असा संघाचा नियम. माझ्या मोबाइलमध्ये नऊ होऊन गेले तरी यंत्र आपलं चालूच! सरांनी मनगटाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. "ताई, तुमच्याकडं किती वाजले?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. रांगेतली एक म्हातारी पुढं आली. "त्यांस्नी काय म्हणू नगा साहेब. आमी वढ्यापल्याडनं चालत येतो. लई उशीर हुतोय. म्हणून नऊ वाजत आले की ताई यंत्राचं घड्याळ मागं करत्यात."

मग सगळा उलगडा झाला. प्रत्येक निरोपावर केंद्राच्या घड्याळाची वेळ पडते. जुना निरोप संध्याकाळच्या दुधात मिसळू नये म्हणून ब्रोकरमध्ये एक मुदत लावलेली होती. ती उलटून गेलेला निरोप टाकून द्यायचा. घड्याळ मागं, म्हणून उशिरा आलेल्यांचा निरोप निघतानाच शिळा ठरायचा आणि ब्रोकर मुकाट्यानं तो टाकून द्यायचा. ज्यांच्यासाठी ताईंनी घड्याळ मागं केलं, नेमकं त्यांचंच दूध गायब! आणि नोंद आली नाही तरी वस्तीवरचं कुणी तक्रारही करेना, कारण तक्रार केली तर ताई अडकतील. मला हसावं की रडावं कळेना.

सरांनी एकच सेटिंग बदललं: वेळ केंद्राच्या घड्याळाची न धरता ब्रोकरच्या घड्याळाची धरायची. "उद्या नेहमीसारखंच करा, घड्याळसुद्धा रोजच्यासारखं मागं घ्या," असं ताईंना सांगितलं. दुसऱ्या सकाळी वस्तीवरचे सगळे निरोप माझ्या पडद्यावर टपाटप उमटले. मी टाळ्या वाजवल्या, अख्ख्या कचेरीनं ऐकल्या.

बैठकीआधी मी सरांना म्हटलं, "घड्याळाचं बोलूच नका. प्रणालीत बिघाड होता म्हणा, मिटेल." सर म्हणाले, "बाई, अर्धं सांगितलं तर ती माणसं उद्याही लपूनच दूध घालणार." आणि त्यांनी सगळं सांगितलं. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सर पुढं म्हणाले, "मुदत मी लावली होती. लावण्याआधी केंद्रावर घड्याळ कसं चालतं आणि ओढ्यापलीकडून यायला किती वेळ लागतो, हे मी जाऊन बघितलं नव्हतं. चूक माझी आहे."

मागून शोभाताई ताडकन उठल्या. "न्हाय साहेब! घड्याळ म्या मागं केलं. सरांचा काय बी दोष न्हाय."

"ताई, बसा तुम्ही."

"म्या न्हाय बसनार!"

अध्यक्षांना हसू आवरेना. "अहो, इथं सगळे चूक दुसऱ्यावर ढकलायला येतात आणि तुम्ही दोघं ओढाताण करताय!" केंद्र ताईंकडंच राहिलं आणि वस्तीसाठी बंद व्हायची वेळ रीतसर पुढं ढकलली गेली. त्या दिवशी सरांचा मला इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन मी सगळ्यांना दोनदा गोष्ट सांगितली.

सर, साठी झाली म्हणून आम्ही तुम्हाला सोडू असं समजू नका. गुडघे जपा, भाभींचं ऐका, चहात साखर कमी घाला. तुम्हाला निरोगी, आनंदाचं, भरभरून आयुष्य लाभो, ही आम्हा सगळ्यांची मनापासून इच्छा आहे.

शोभाताईंनाही शुभेच्छा लिहून द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "म्या काय लिवणार? सरांना एवढंच सांगा. परवा तपासणीचे साहेब दारात उभे हुते. नऊ वाजून गेल्यावर वढ्यापल्याडची म्हातारी आली, त्यांच्यादेखत दूध घातलं, त्यांनाच घरची खुशाली इचारली आन् सावकाश निघून गेली."