दहाव्याची जागा

गोलात एक भोक होतं आणि ते माझ्या डोळ्यात खुपत होतं. नऊ सरदार, ढोलवर करमसिंग, आणि दोन गड्यांच्या मध्ये बरोबर एका माणसाएवढी मोकळी जागा.

मी डान्स-मास्तर. दंडारीत, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या नाच-सोंगांच्या खेळात, माझा हात धरणारा कोणी नव्हता. निदान मी तरी कोणाला धरू दिला नाही! फुलचूरच्या राइस मिलचे मॅनेजर बिसेनभाऊ यांनी मला या भांगडा टीमसाठी बोलावलं. फाळणीनंतर इकडे आलेली ही माणसं. दसऱ्याला पहिल्यांदा स्टेजवर चढली, तर पब्लिक ओरडलं, "एक गडी पळाला!" सव्वीस जानेवारीला पुन्हा नाचायचं होतं. करमसिंग म्हणाला होता, "इस बार हँसे, तो ढोल खूंटी पर. हमेशा के लिए."

स्टेजवरची फट म्हणजे पडलेला दात. मी नऊ जणांना सरकवून गोल मिटवला. करमसिंग गोलाकडे बघायचं थांबला, मान वळवून ढोल वाजवू लागला.

मग गंमत सुरू झाली. दर फेरीला एक गडी अडखळे. कधी हा, कधी तो. जणू कोणाचा तरी खांदा लागत होता.

"काऊन मास्तर," बिसेनभाऊ हसले, "हे तर आता पडूनच राहिले ना!"

"फ्लोअर खराब आहे," मी ठणकावलं. मास्तर कधी चुकतो का?

पाय कुठे चुकतात ते पाहायला माझी एक जुनी युक्ती होती. धान वाळवायच्या फरशीवर बारीक कोंडा पसरायचा. पसरला. "आधी जुन्या जागांवर, फट ठेवून उभे राहा. फक्त पहिला ठेका, जागच्या जागी." ढोल वाजला. "बस. मागे व्हा."

भर दुपारचं ऊन होतं. मी ठसे मोजले. पुन्हा मोजले.

दहा जोड्या.

मोकळ्या जागेतही दोन पाय उमटले होते. उजवा पूर्ण. डाव्याची टाच टेकलेली नव्हती.

करमसिंग गुडघ्यावर बसला. "जीता," तो म्हणाला. "मेरा छोटा भाई. काफिले में एड़ी में काँटा लगा था. बोला, तुम चलो, मैं आया." मग माझ्याकडे वळला. "उसकी जगह रखते हैं, मास्टरजी. आएगा तो कहाँ खड़ा होगा?"

बिसेनभाऊंनी हळूच पायातल्या चपला काढल्या.

मी दोन रात्री झोपलो नाही, पण नाच बसवला. जागा मिटवली नाही, उलट हातभर वाढवली. दर चौथ्या ठेक्याला नऊही जण तिकडे वळत आणि टाळी देत. करमसिंग बरोबर समोर. चूक अर्धवट ठेवली की लोक हसतात. पूर्ण केली की तीच रीत होते.

सव्वीस जानेवारीला कोणी हसलं नाही. चौथ्या ठेक्याला पब्लिकही त्या जागेला टाळी देऊ लागलं. ढोल खुंटीवर गेला नाही.

नाच सुरू होण्याआधी स्टेजवाला विचारायला आला होता, "मास्तर, पाय घसरतील, थोडा कोंडा टाकू का?"

मी ओरडलो, "खबरदार!"

तेव्हापासून कोणत्याही टीममध्ये जागा रिकामी दिसली, की ती भरण्याआधी मी विचारतो, कोणाची आहे?

आणि खाली बघत नाही.