वरची दाढ

खालची काढा, वरचीला हात लावू नका, असं मी डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सांगितलं म्हणजे काय, माझं तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं, तेव्हा दातांच्या फटीतून जे काही बाहेर पडलं ते. त्यांनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला होता. खालची अक्कलदाढ हिरडीत आडवी झोपलेली, आणि वरची अक्कलदाढ खाली उतरून त्याच हिरडीवर रोज चावत बसलेली. हिरडी सुजायची, वरची दाढ ती सूज पुन्हा चावायची, की आणखी सुजायची. बाई गुजराती, दवाखाना इकडे गुजरातच्या सीमेवरच्या आमलीत, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. "भाई, दोनों निकालनी पडेगी. पहले उपरवाली. खरी दुश्मन ए ज छे." मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. गोळ्या लिहून घेतल्या आणि सरळ बाहेर पडलो.

मी भित्रा नाही, हे आधीच सांगतो. कारखान्यात एकदा बोट मशीनमध्ये गेलं होतं, तेव्हा टाके घालून घेऊन मी दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. इंजेक्शनचं, रक्ताचं मला काही वाटत नाही. पण वरच्या दाढेची शीर डोळ्याला जाते आणि ती दाढ काढली की डोळा जातो, हे आमच्या खान्देशात कुणीही सांगेल. बाकीच्यांनी ते ऐकलेलं असतं. मी ते घरात पाहिलं आहे.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. मायच्या डाव्या बाजूला भयंकर कळ उठली. दाढ, गाल, भुवई, अर्धं डोकं. ती भिंतीला कपाळ टेकवून बसायची, खाल्लेलं उलटून पडायचं. बापाने तिला तालुक्याला नेलं आणि वरची दाढ काढून आणली. कळ चारदोन दिवसांत ओसरली. पण पुढचं वर्ष सरायच्या आत मायच्या डाव्या डोळ्यात अंधार झाला. तिने बापाला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. मात्र शेजारच्या बाया ओट्यावर बसून "दाढ काढली अन् डोया गया" म्हणाल्या की बाप पायांत चपला सरकवून शेताकडे निघून जायचा. मरेपर्यंत त्याने तो विषय तोंडातून काढला नाही. बाप गेल्यापासून माय गावी थोरल्या भावाकडे असते, एका डोळ्यावर.

आणि मी खातो ते डोळ्यांवर. मसाट गावच्या धाग्याच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. प्रत्येक रिळातला थोडा थोडा धागा घेऊन त्याची मोज्यासारखी लांब नळी विणायची, ती रंगवायची आणि दिव्याखाली धरून बघायची. कुठल्या रिळाचा पट्टा किंचित गडद आला, कुठल्याचा फिका, ते ओळखायचं. ते माझ्या नजरेतून निसटलं तर पुढे कुणाच्या तरी साडीवर आडवी रेघ उमटते आणि अख्खा माल परत येतो. मशीन हे काम पूर्ण करत नाही, माणसाचा डोळा लागतो. आमचे मॅनेजर पुण्याचे. माझा फुगलेला गाल बघून म्हणाले, "अक्कलदाढ ना? राहू द्या की, तेवढीच शिल्लक आहे." सगळे हसले. मला हसायला तोंड उघडता आलं नाही, म्हणून तोंडावर आलेली शिवीही आत राहिली.

गोळ्या संपल्या की दुखणं परत यायचं, आणि येताना जास्तीचं काहीतरी घेऊन यायचं. लवंग ठेवून झाली, तिने हिरडी भाजली. मीठपाणी झालं. भाकरी सुटली, पोळी सुटली, मग वरणात भिजवलेला भात सुटला. शेवटी मी चहात विरघळवलेली बिस्किटं चमच्याने दातांच्या फटीतून आत ढकलत होतो. थुंकी गिळताना कानापर्यंत कळ जायची, म्हणून गिळणं टाळायचो आणि तोंडाशी रुमाल धरून बसायचो. बायको समोर ताट घेऊन बसायची आणि न जेवता उठायची. मी तिच्यावर ओरडायचो. ओरडणंही तोंड मिटूनच, त्यामुळे नुसतं घुमायचं.

मग एका सकाळी आंघोळ करताना जाणवलं की कळ वर चढली आहे. गालातून डाव्या डोळ्याच्या खोबणीत. त्या दिवशी मी जसा घाबरलो तसा आयुष्यात घाबरलो नाही. कामावर दर थोड्या वेळाने उजवा डोळा हाताने झाकायचो आणि डाव्याने नळीवरचे पट्टे बघायचो. दिसतात? दिसतात. मग पुन्हा झाकायचो. दाढ काढली तर डोळा जाणार, नाही काढली तर हे पू-पाणीच डोळ्यात शिरणार. दोन्हीकडून दार बंद. संडासात जाऊन मी अक्षरशः रडलो, आणि रडतानाही जबडा दुखला.

संध्याकाळी घरी बायकोने ते ओळखलं. दुसऱ्या सकाळी तिने कारखान्यात फोन करून रजा सांगितली आणि रिक्षा आणली. मी खुर्चीला चिकटून बसलो, तेव्हा म्हणाली, "असं काय करून राहिले तुम्ही? डोळा राहील पण माणूस जाईल! उठा." मी उठलो, कारण भांडायला लागणारी ताकदच नव्हती.

दवाखान्यात खुर्ची मागे झुकली आणि दिवा तोंडावर आला. काय होतं ते कुणी मला आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतो. गालातली सुई सोसते, तिच्याने आखडलेला जबडाही जरा सुटतो. टाळूतली सोसत नाही. तिथे मांसच नाही, सुई जणू हाडातच जाते, आणि डोळ्यांतून पाणी आपोआप वाहतं. मग ओठ जाड होतो, गाल आपला राहत नाही. बाई म्हणाल्या, "दबाव लगेगा, दर्द नहीं लगेगा." खरंच होतं ते. वरच्या दाढेला त्यांनी एकदा रेटलं, एकदा फिरवलं, डोक्याच्या आत कडकन आवाज झाला आणि दाढ ताटलीत पडली. ज्या गोष्टीला मी जन्मभर घाबरलो ती माझा श्वास सोडून होण्याआधीच संपली होती.

आणि त्याच वेळी डाव्या डोळ्यासमोरचा दिवा पसरला. त्याची कड गेली, नुसता पांढरा चिखल उरला. मी बाईंचं मनगट गच्च धरलं. त्या ओरडल्या, "अरे, शुं करो छो! हाथ में औजार छे!" मी दुसऱ्या हाताने डोळा दाखवत होतो आणि घशातून आवाज काढत होतो, शब्द होतच नव्हते. बाहेर बसलेली बायको धावत आत आली. बाईंनी कापसाने माझा डोळा पुसला. पाणी होतं, दुसरं काही नाही. दिवा पुन्हा दिवा झाला. मला लाज वाटली आणि मी त्यांचं मनगट सोडलं.

"आँख को क्या हो गया समझ रहे हो तुम?" बाईंनी विचारलं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून बायकोने सांगितलं. सासूबाईंची दाढ, मग सासूबाईंचा डोळा, सगळं. मला वाटलं बाई हसतील. पहिल्यांदा त्या हसल्याच. मग हसू थांबवून विचारू लागल्या. दुखणं भुवईत पण होतं? उलट्या? दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का? बायको म्हणाली, "कडी दिसायची म्हणतात. आणि काढलेली दाढ पांढरी स्वच्छ होती, कीड नव्हतीच, असं अजून नवलाने सांगतात." बाईंनी तोंडावरचा मास्क खाली घेतला. "आँख के डॉक्टर को दिखाया था?"

"नाही," बायको म्हणाली. "काय दाखवायचं? दाढेनेच गेला ना."

मी आडवा पडलेला, तोंडात बोळा, ओठ बधिर. बाई सावकाश, नीट हिंदीत बोलल्या. मी दातांची डॉक्टर आहे, डोळ्यांची नाही, आणि न बघता मी खात्रीने सांगू शकत नाही. पण दाढ काढून डोळा जात नाही. हे मला झामर वाटतं. काला मोतिया. मराठीत काय म्हणता तुम्ही? बायको म्हणाली, काचबिंदू. हां, ते. डोळ्यात दाब वाढतो, तेव्हा दुखणं कधी कधी दाढेत उतरल्यासारखं वाटतं. कदाचित दाढेला काहीच झालं नव्हतं. कदाचित तेव्हाच डोळ्याचं औषध मिळालं असतं तर. मग म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. पण हे एका डोळ्यावर थांबत नाही, दुसऱ्यालाही होतं. दुसरा डोळा कसा आहे त्यांचा?

बायकोने माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक नव्हतं. दिवाळीत गेलो तेव्हा माय दाराच्या चौकटीला खांदा आपटत होती आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. पाण्याचा तांब्या शेजारी असून चाचपडत होती, आणि माझा पुतण्या तिची नक्कल करून दाखवत होता, आणि मी हसलो होतो. बाप तर मेला आपणच तिचा डोळा घालवला असं समजून. मला उठायचं होतं. मला फोन हवा होता. बाईंनी माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अब नीचेवाली. मोढुं खोलो."

खालच्या दाढेला खूप वेळ लागला. हिरडी कापली, हाड घासलं, दाढ तुकडे करून काढली. मशीनची घरघर थेट मेंदूत, तोंडात पाणी, नळी ते ओढून घेते आहे, भाजल्यासारखा वास. दुखत काहीच नव्हतं. मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की माय तिकडे एकुलत्या एक डोळ्याने चूल फुंकते आहे आणि तो डोळा आम्ही कुणी तपासलेला नाही. मला ओरडायचं होतं आणि माझं तोंड साधनांनी भरलेलं होतं. इतका लाचार मी कधीच झालो नाही. डोळ्यांतून पाणी वाहतच राहिलं. बाईंना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक सुई दिली.

टाके पडले. बोळा घट्ट चावून धरा, थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, आज बोलू नका, नाहीतर आतली रक्ताची गाठ निघून येईल आणि मग जे दुखेल त्यापुढे हे काहीच नाही. बायकोने सगळं लक्षात ठेवलं. शेवटी बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "और तुम भी आँख दिखाओ. ये खून में चलता है."

रिक्षात बसलो आणि मायचाच फोन आला. बायकोने तिला सकाळी सांगून ठेवलं होतं. स्पीकरवर मायचा आवाज घाबराघुबरा, "तुले दखास ना रे भाऊ? डोया उघाडा शे ना?" दिसतं का, डोळा उघडा आहे का. बायको म्हणाली, "दिसतंय आई, सगळं चांगलं झालं." मी तोंडातला बोळा काढून मुठीत धरला आणि जाड ओठांनी, जसं जमेल तसं विचारलं, "माय, तुझा उजवा डोळा कसा आहे?"

ती म्हणाली की समोरचं दिसतं, बाजूचं जरा कमी झालंय, दिव्याला कडी येतात, पण काळजी करू नको. "तो डोया जाणार नही," माय म्हणाली. "उजव्या बाजूनी येकबी दाढ मी काढू दिधी नही. तीन सडी गयात. किती ठणका लागस रे, भाकर चावाले येत नही. पन मी कोनले सांगं नही. हाऊ डोया राखना शे माले."

इतकी वर्षं. सडक्या दाढा तोंडात ठेवून, उपाशीतापाशी, कुणाला न सांगता, ती तो डोळा राखत बसली होती. रिक्षा मसाटच्या रस्त्याला लागली होती. माझ्या तोंडात रक्त भरत होतं आणि थुंकायचं नव्हतं, म्हणून मी ते गिळलं.

"उद्या येतो," मी म्हणालो. "धुळ्याला जाऊ आपण. डोळ्याच्या डॉक्टरकडे."

"यी जाय," ती म्हणाली. मग हळूच, "पन दाढ नही ना काढणार तो?"