येळवशीच्या शेतात सुरेखाताईंचा प्रबंध

गाडी येडशी स्थानकावर थांबली तेव्हा नुकते उजाडले होते. फलाटावर उतरणारी मी एकटीच. रुळांपलीकडे बालाघाटाच्या टेकड्या धुक्यात होत्या. चहावाल्याने त्या दिशेला हात केला. "रामलिंग तिकडं हाय. माकडं लई हायती, पिशवी सांबाळून जावा." मला रामलिंगाच्या देवळात जायचे नव्हते. मला येरमाळ्याला जायचे होते आणि तिथून आत एका गावी, सुरेखाताईंकडे.

सुरेखाताई उपकेंद्रावर परिचारिका आहेत. एकाच गावात अठरा वर्षे. नोकरी सांभाळून त्यांनी बाहेरून बी.ए. केले आणि आता सामुदायिक आरोग्य आणि समाजकार्य या विषयातला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत आहेत. वर्ग धाराशिवला, महिन्यातून दोन दिवस. विद्यार्थी सगळे नोकरीतले: परिचारिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका, वृद्धांसाठी काम करणारे कार्यकर्ते. या अभ्यासक्रमावर लिहायचे म्हणून मी पुण्याहून निघाले होते.

येडशीहून काळीपिवळी जीपने येरमाळा गाठले. महामार्गाच्या कडेला नारळ-कुंकवाची दुकाने, येडेश्वरीच्या डोंगराकडे जाणारे भाविक, एसटीची वाट पाहणारी माणसे. सुरेखाताई स्कूटर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार केला आणि लगेच म्हणाल्या, "ताई, चहा नंतर घेऊ. आज येळवस आहे. दहानंतर गावात कुणी सापडायचं नाही."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी या भागातली घरे कुलूप लावून शेतात जातात, तिथेच पूजा करतात आणि जेवतात.

घाईचे कारण वाटेत कळले. गरोदर बायका लोहाच्या गोळ्या मध्येच का सोडतात, हा सुरेखाताईंच्या प्रबंधाचा विषय. त्यांनी घरोघर मुलाखती घेतल्या, तक्ते केले, प्रबंध दिला. मार्गदर्शक मॅडमनी तो आदल्याच दिवशी परत पाठवला होता. समासात एकच प्रश्न होता: 'सगळ्याजणी रोज गोळी घेतात, तर सगळ्यांचे रक्त कमी कसे?' सुधारून देण्याची मुदत सोमवारची होती. तो दिवस शुक्रवार. मुदत चुकली की वर्ष गेले.

पहिले घर रेणुकाचे. सहावा महिना. चुलीवर मोठे पातेले, शेजारी टोपली भरणाऱ्या सासूबाई, गोदाबाई. सुरेखाताईंनी वही उघडली. मीही माझी उघडली.

"रेणुका, गोळी?"

"रोज घेती, शिष्टर. रात्री जेवल्याव, पाण्यासंगं. चहासंगं न्हाय."

दुसऱ्या घरी तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या घरी तर शब्दांचा क्रमसुद्धा तोच. बाहेर आल्यावर सुरेखाताई थांबल्या. "हे वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी तपासणीला आल्या की मीच पाठ करून घेते."

एव्हाना बायका डोक्यावर टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. गोदाबाईंनी आम्हाला चौकात गाठले.

"शिष्टर, वही घिऊन काय फिरताव आज? ती ठिवा तिकडं आन् जेवाया या. ह्या पुन्याच्या बाईलाबी आना."

"मावशी, माझं काम राहिलंय."

"काम काय पळून जातंय व्हय? येळवशीला आलेल्या मानसाला कामाचं इचारू न्हाय."

गल्ली रिकामी झाली होती. सुरेखाताईंनी वही उपकेंद्राच्या कपाटात ठेवली. मीही माझी तिथेच ठेवली. ते मला अवघड गेले.

शेत गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होते. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर गेलेली ज्वारी, मध्ये हरभऱ्याचे पट्टे. बांधाशेजारी कडब्याची कोप (लहान खोपी) उभारली होती आणि तिच्यात चुना लावलेले दगड ओळीने मांडले होते. ते पांडव. पूजा झाल्यावर घरधन्याने पिकात आंबील शिंपडली. मग पंगत बसली. बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), भज्जी, आंबील. इथली भज्जी तळलेली नसते. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मिळतील त्या भाज्या आणि बेसन यांची ती दाट भाजी असते. आंबील ताकात शिजवलेल्या ज्वारीची, आंबट आणि थंड. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून बसवले जात होते. मला कुणी नावही विचारले नाही. माझे ताट मात्र तीन वेळा भरले.

जेवणानंतर पुरुष विहिरीकडे गेले. बायका कोपीच्या सावलीत पाय पसरून बसल्या. शेजारच्या शेतातली, कडेवर लेकरू असलेली एक बाई सुरेखाताईंकडे बघून हसली.

"आज शिष्टर मानसावानी दिसतीया."

"का? रोज कशी दिसते?"

बाईने कमरेवर हात ठेवला, भुवया चढवल्या. "'लेकराचं वाटोळं करायचंय का तुला?'" आवाज हुबेहूब होता. सगळ्या खिदळल्या. सुरेखाताईही हसल्या, पण उशिरा.

"तुमी यायच्या आधी आमी पाकिटं फोडून ठिवतो," ती पुढे म्हणाली. "रिकामं पाकीट बघितलं की तुमी खूश."

"आणि गोळ्या?"

"उकिरड्यात."

सुरेखाताईंनी बोलायला तोंड उघडले. मग आंबिलीचा पेला उचलून तोंडाला लावला. ऐकताना मध्ये बोलायचे नाही, हे पहिल्या सत्रात शिकवतात, पण जमायला दोन वर्षे लागतात, असे त्यांनी मला नंतर सांगितले.

"रेणुका, तू पण?"

रेणुका मातीत रेघा ओढत राहिली. "उलटी हुती, शिष्टर. शी काळी हुती. भ्या वाटतं. तुमाला सांगावं तर तुमी रागावताव."

"तिला काय इचारताव?" गोदाबाई मध्येच म्हणाल्या. "म्याच म्हनलं नगं खाऊ. गोळीनं लेकरू लई मोठं हुतं, मंग चिरावं लागतं. माझ्या लेकीला चिरलं. आता सांगा, ही खरं का खोटं? अठरा वर्सं झाली, ही कुनी सांगितलंच न्हाय."

सुरेखाताईंनी सांगितले. आवाज न चढवता, लेकीच्या बाळंतपणात काय झाले होते ते आधी विचारून. गोळीने बाळ मोठे होत नाही. रक्त कमी असले तर मात्र साध्या बाळंतपणातही आईचा जीव धोक्यात येतो. शी काळी होते ती गोळीच्या लोहामुळे, त्याने अपाय नाही. उलटी होत असेल तर वेळ बदलून बघू. बराच वेळ त्या बोलत होत्या. गोदाबाईंनी तीनदा उलटतपासणी घेतली आणि शेवटी नुसते "हं" म्हणाल्या.

मग सुरेखाताईंनी विचारले, "तुम्ही आत्ता सांगितलं ते मी प्रबंधात लिहू का?"

रेणुकाने सासूकडे पाहिले.

"सुनेचं नाव नगं," गोदाबाई म्हणाल्या. "माझं लिवा. सांगनं माझं व्हतं."

"नाव कुणाचंच लिहिणार नाही, मावशी."

"मंग लिवा की. पर नीट लिवा."

शनिवारी आणि रविवारी आम्ही तीच घरे पुन्हा फिरलो, वहीशिवाय. सुरेखाताई भाजी निवडू लागत, शेंगा सोलत, आणि उपकेंद्रात परतल्यावर आठवून लिहीत. रविवारी दुपारी त्यांचा हात थांबला. समोर उपकेंद्राची नोंदवही होती. त्यांच्याच अक्षरात, पानामागून पान: गोळ्या घेतल्या, गोळ्या घेतल्या.

"प्रबंध खरा लिहिला तर ही वही खोटी ठरते," त्या म्हणाल्या. "आरोग्य केंद्राच्या साहेबांनी वाचलं तर?"

त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी लिहायला घेतले. तो परिच्छेद त्यांच्या परवानगीने देते आहे: 'पहिल्या फेरीतील उत्तरे मी ग्राह्य धरत नाही. ती मला आवडावीत म्हणून दिलेली होती. तशी उत्तरे देण्याची सवय मीच लावली. उपकेंद्रातील माझ्या नोंदींनाही हेच लागू आहे.'

सोमवारी सकाळच्या एसटीने आम्ही धाराशिवला गेलो. मॅडमनी प्रबंध आमच्यासमोरच चाळला. त्या परिच्छेदावर त्यांचे बोट थांबले.

"हे तुमच्या नोकरीवर येऊ शकतं. ठेवायचं?"

"ठेवा, मॅडम."

मॅडमनी सही केली. "आता अभ्यास झाला," एवढेच म्हणाल्या.

बसस्थानकाजवळ सुरेखाताईंनी मला धाराशिवचे गुलाबजाम खाऊ घातले आणि पहिल्या गाडीने गावाकडे परतल्या. दुसऱ्या दिवशी लसीकरण होते.

मी रात्रीच्या गाडीने पुण्याला आले. वृत्तपत्रात मी पुष्कळ मुलाखती घेतल्या आहेत. मला हवी होती म्हणूनच मिळालेली उत्तरे त्यांत किती असतील, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडला याबद्दल मी कोपीच्या सावलीतल्या त्या बायकांची ऋणी आहे, आणि त्यांच्यासमोर गप्प बसून दाखवणाऱ्या एका विद्यार्थिनीचीही.

पंधरा दिवसांनी सुरेखाताईंचा फोन आला. साहेबांनी प्रबंध मागवून घेतला होता. अजून काही बोलले नव्हते. मग आवाज बदलला.

"रेणुका आली होती, ताई. दारातूनच म्हणाली, शिष्टर, दोन दिस गोळी न्हाय खाल्ली. अठरा वर्षांत मला तोंडावर असं सांगणारी ही पहिलीच. मी तिला आत बोलावलं, बसवलं आणि तसंच्या तसं लिहून घेतलं."