नबिलाचे शुक्रवार

नबिला दाभोळची. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन इकडे आखातात, उम्म अल कुवैनला आली आणि घरच्या घरी शिवणकाम करू लागली. गाणं कुणाकडे शिकलेली नाही. तरीही रेडिओवर दर शुक्रवारी सकाळी लागणारा आमचा लोकगीतांचा कार्यक्रम सतरा वर्षं तिच्यामुळे चालला, असं लोक म्हणतात. तो सुरू केला माझ्या यजमानांनी, भानुदासांनी. हे मला दर वेळी सांगावं लागतं. आता ते नाहीत, आणि इथली शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारवर गेल्यावर कार्यक्रमही बंद झाला.

गाणी थेट व्हायची. इथं लग्न निघालं तरी आत्या-मावश्या गावी. हळदीची गाणी म्हणणार कोण? मग घरचे रेडिओला फोन करायचे, नवरीचं, आईचं, मामांचं नाव सांगायचे आणि नबिला ती नावं तिथल्या तिथे गाण्यात घ्यायची. हळद हिंदूंची असो की कोकणी मुसलमानांची, एकही नाव सुटायचं नाही. अल मनखूलला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बायका मला तिचीच खुशाली विचारायच्या. स्टुडिओतून परतताना गाडीत हेही तिचंच कौतुक करायचे. मी खिडकीबाहेर बघत 'हं' म्हणायची.

नन्सच्या शाळेत मला रोजनिशीची शिस्त लागली. प्रत्येक शुक्रवार माझ्याकडे लिहिलेला आहे; किती फोन आले, एसी कधी बिघडला, तेसुद्धा. म्हणून गेल्या वर्षी रेडिओचा सत्यजित घरी आला. कार्यक्रमाच्या इतिहासाचं पुस्तक निघत होतं आणि रेकॉर्डिंग कुणी ठेवलेलं नव्हतं.

"काकी, नबिलाताईंच्या एंट्रीज तेवढ्या मार्क करून द्या," तो म्हणाला.

वह्या काढल्या. सतरा वर्षांत तिचं नाव एकदाही नव्हतं. सगळीकडे नुसतं 'गाणी झाली'. हे माझ्याकडून चुकून झालेलं नव्हतं. माझं नाव मात्र होतं: २० मार्च २००९, अर्धं पान. तिचा घसा बसला होता, म्हणून मी गायले होते.

नोंद नाही, एवढं सत्यजितला सांगितलं असतं तर नबिला पुस्तकातून गेलीच असती. दोन दिवस तो विचार मला गोड लागला. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला.

"तारखा नाही लक्षात, भाभी. नावं विचारा," ती म्हणाली आणि सुरूच झाली. सुमैय्याची हळद, तिचे चार मामा, चौघांची नावं. अर्चनाची हळद, रमजानच्या आधीचा शुक्रवार. ती सांगत गेली, मी पानं उलटत तारखा लावत गेले. एक ओळ न लिहिता तिला सगळं आठवत होतं. मला तेही सहन होत नव्हतं.

मार्च २००९ आला.

"ती तुमची. स्वानंदीची हळद, रास अल खैमा. चांगलं गायलात, भाभी. फक्त नावं राहिली."

खरं होतं. गाणं कागदावर नीट उतरवून नेलं होतं आणि जसंच्या तसं वाचत गायले. नवरीचंसुद्धा नाव घेतलं नाही. तिच्या आईचा पुन्हा फोन आला, तेव्हा नबिलाने बसक्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. माझ्या अर्ध्या पानात यातलं काही नव्हतं.

"लिहू का ते?" मी विचारलं.

"तुमची वही. लिहिलंत तर आईचं नावपण टाका. आशा."

लिहिलं. पुस्तकात पहिला फोटो नबिलाचा आहे, यांचा दुसरा. मला ते अजून पटत नाही. तारखा मात्र बरोबर आहेत.