बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी डब्यातला भात खाता खाता वाचणारी बाई आहे. वाचायचे, दोन-चार मैत्रिणींना पाठवायचे आणि वर हसायचं. भूत, बाधा, लागीर... यातलं माझ्या डोक्यात कधी काही शिरलंच नाही. माझं माहेर देहूरोडचं, वडील डेपोत नोकरीला. "दिसलं तर बघू, नाही दिसलं तर चहा घेऊ," हे त्यांचं अशा गोष्टींवरचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे हे लिहायला मला दोन पावसाळे लागले. कुणाला काही पटवायचं नाहीये. मनात साठून राहिलंय, ते एकदा कुठेतरी ठेवते.

लग्न होऊन मी कुसगावला आले. लोणावळ्याला चिकटूनच आहे गाव. आमचं घर वरच्या आळीला, स्लॅबचं. पुढच्या खोल्या बऱ्यापैकी कोरड्या, पण मागची खोली डोंगर उकरून बांधलेली. तिची मागची भिंत कमरेपर्यंत मातीत आहे आणि बाजूच्या भिंतीला एकच लाकडी खिडकी, तीही नेमकी पावसाच्या तोंडाला. इथे पाऊस आला की महिना महिना ऊन दिसत नाही. लोक खिडक्यांना बाहेरून प्लास्टिकचा कागद बांधतात आणि चार महिने घर बंद करून बसतात. आम्हीही तेच करायचो.

आणि मग बुरा! लग्नानंतरच्या पावसाळ्यात मी हौसेनं कपाटातून शालू काढला, तर त्यावर पांढरी लव. चपला, पट्टे, पापड... माझ्या नवऱ्याची, सचिनची, बारावीची मार्कलिस्टसुद्धा हिरवी झालेली. (मार्क बघता तेच बरं झालं.) मी रडकुंडीला आले, तर सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, शांतपणे म्हणाल्या की लोणावळ्यात राहायचं तर बुऱ्याशी सोयरीक करावीच लागते. दरवर्षी गणपतीच्या आधी सचिन मागची भिंत खसाखसा घासायचा आणि वरून ऑइल पेंटचा हात मारायचा. पुढच्या आषाढात त्याच रंगाला फोड यायचे आणि खालून काळे ठिपके वर यायचे. मग पुन्हा पेंट.

गंमत बघा, मी इथल्याच एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. रूममध्ये कुबट वास आला की गेस्ट नाक मुरडतात आणि मॅनेजर सगळ्यांना खिडक्या उघडायला पळवतो. घरी मात्र त्याच वासात आम्ही पंगत मांडून जेवायचो. एकदा सवय झाली की नाकाला काही कळत नाही.

त्या मागच्या खोलीत माझे सासरे, आबा, झोपायचे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. ते कामशेतला भाताच्या गिरणीत होते, पोती भरायची, तोंडं बांधायची, रचायची. आयुष्यभर विडीला हात लावला नाही, तरी दमा लागला आणि आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, भर पावसाळ्यात, त्याच खोलीत ते गेले.

दोन वर्षांपूर्वी आषाढात माझी नणंद वैशू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. काय सांगू, इतकी गोड पोर! नाव ठेवायचं होतं, तोवर सगळे तिला बाळी म्हणायचे. बाळंतिणीला आडोसा हवा म्हणून आईंनी दोघींना मागची खोली दिली. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही म्हणजे नाही. खिडकीला कडी, फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या, बाहेरून प्लास्टिक, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा-शेपाची धुरी. आत गेलं की डोळे झोंबायचे. पण नातीच्या बाबतीत आईंच्या पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी सगळं प्रेमानंच केलं, हे मी शपथेवर सांगेन. नातीला तेल लावताना त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

पाचवी झाली आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीची डावी फळी उघडी सापडली. बाहेरचा प्लास्टिकचा कागद गुंडाळून वर गजाला बांधलेला. आईंनी विचारलं, कुणी उघडली? आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. देहूरोडची, शिकलेली, हॉटेलात खिडक्या उघडणारी... मीच असणार! माझा असा संताप झाला की मी त्या दिवशी डबा न घेताच कामाला गेले.

पण नंतर विचार केला तेव्हा मलाच चमत्कारिक वाटलं. पावसात ती फळी फुगून अशी बसायची की कडी काढली तरी जोरात हिसडा दिल्याशिवाय हलायची नाही. हिसडा दिला की घरभर आवाज. वैशू तिथेच झोपलेली, आई तिच्या पायथ्याशी. दोघींनी काहीच कसं ऐकलं नाही?

मग हे वरचेवर व्हायला लागलं. सचिन म्हणाला वारा असेल. वारा कागद गुंडाळून बांधतो का, असं मी विचारलं, तर म्हणाला माकडं असतील. आमच्याकडची माकडं हुशार आहेत, पण इतकी नाहीत. वैशू घाबरून गेली. शेजारच्या मावशींनी उशाखाली ठेवायला विळा आणून दिला आणि काहीतरी बाहेरचं आहे असं हळूच सांगून गेल्या. त्यात बाळीला सर्दी झालेली, छातीत बारीक घरघर. आई म्हणाल्या, या उघड्या खिडकीनंच पोरीला गारठा बाधला.

मग एका बुधवारी मी स्वतः पाहिलं. बुधवारी माझी सुट्टी असते. दुपारची वेळ, वैशू न्हाणीत, आई चुलीपाशी. मी स्वतःच्या हातानं कडी लावली, ओढून बघितली आणि त्या खोलीच्या दारातच तांदूळ निवडत बसले. बाळी पाळण्यात घरघरत झोपली होती. आत जायला दुसरा रस्ता नाही, मी उठले नाही की मला डुलकी लागली नाही. काही वेळानं जाणवलं की घरघर थांबलीय. ताट तसंच टाकून आत धावले, तर पोर शांत झोपलेली, श्वास अगदी मोकळा. आणि खिडकी उघडी. कागद गजाला बांधलेला. बाहेरची ओल्या मातीची गार हवा थेट पाळण्यावर येत होती.

खरं सांगू? भीती वाटलीच नाही. त्या खोलीत पहिल्यांदाच मला छान वाटलं. इतकं, की मीही खोल श्वास घेतला. मग नजर गाठीवर गेली. एका हिसक्यात सुटावी अशी गाठ, शेपूट उलट्या बाजूला, डावीकडे सोडलेलं. मी हात लावणार, तेवढ्यात आई आत आल्या. त्यांनी गाठ पाहिली आणि त्या जागच्या जागी थिजल्या. मग पुढे होऊन त्यांनी ते शेपूट ओढलं, कागद खाली सोडला, फळी बुक्क्या मारून बसवली आणि चुलीपाशी गेल्या. सचिन कामावरून आल्यावर त्याच्या हातात हातोडी दिली आणि खिडकी खिळे मारून बंद करून घेतली.

त्यानंतर खिडकी उघडली नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला... बाळी सोडून. तिची घरघर वाढत गेली, दूध ओढेना, रडण्यातला जोर गेला. एका सकाळी श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, ओठ निळसर दिसायला लागले. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी बघताक्षणी तळेगावला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मूठभर जीव, नाकात नळी, अंगाला तारा. वैशू रडतही नव्हती, नुसती काचेकडे बघत बसली होती. ही पोर हातची जाते की राहते, एवढंच आमच्या सगळ्यांच्या डोक्यात होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घराची चौकशी केली. भिंतींना ओल आहे का? बुरशी आहे का? शेगडी-धुरी करता का? मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, न्यूमोनिया नेमका कशानं झाला ते छातीठोक सांगता येत नाही, पण बुरशी आणि धूर कोंडलेल्या खोलीत मोठ्या माणसाची छाती टिकत नाही, हिची काय टिकणार? ओल आणि धूर बंद करा, आणि खोली हवेशीर ठेवायला हवी होती. मग सहज म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "खोलीला खिडकी आहे ना? मग उघडत का नव्हता?"

आई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या खाली बसल्या. मी त्यांना धरून बाहेरच्या बाकड्यावर नेलं, पाणी दिलं.

"मला पयल्याच दिशी शंका आल्ती," त्या म्हणाल्या. "त्या बुधवारी खातरी पटली. गाठ त्यांचीच व्हती."

त्यांची म्हणजे आबांची. मग त्यांनी सांगितलं. आबा डावखुरे होते. गिरणीत पोत्याचं तोंड बांधायची ती गाठ त्यांच्या हातून उलटी पडायची, मुकादम त्यावरून चिडवायचा. दमा लागल्यावर त्यांना त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं. भर पावसात ते कागद गुंडाळून त्याच गाठीनं बांधायचे आणि फळी उघडायचे. अंथरूण भिजतं, गारठा लागतो म्हणून आई मागोमाग जाऊन लावायच्या. शेवटपर्यंत दोघांचं तेच भांडण. शेवटचे काही दिवस आबांना उठवत नव्हतं, तेव्हा ते नुसते खिडकीकडे हात करायचे.

मी विचारलं, "आबा आहेत हे कळलं होतं, मग खिळे का मारून घेतले, आई?"

"गेलेलं मानूस बाळंतिनीच्या खोलीत कशाला येतंय गं? न्यायलाच येतंय, आसं आमी ऐकल्यालं. वैशू त्यांची लय लाडकी. मला वाटलं, नातीला न्यायला आल्यात. म्हनून मी त्यांना भाईर ठिवलं." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आन ते वारं द्याया येत व्हते."

मी त्यांच्यापेक्षा जास्त रडले. मला आवरलंच नाही.

बाळी वाचली. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, मी दोघांना नमस्कार करते. छाती मात्र नाजूकच राहिली, अजून पंपाची वाफ द्यावी लागते. वैशू तिला घेऊन परस्पर सासरी गेली. कुणी कुणाला दोष दिला नाही, पण पावसाळ्यात ती इथे येत नाही आणि आईंनीही कधी ये म्हटलं नाही.

मागच्या खोलीतलं, रंगाच्या वेळीही जागचं न हललेलं कपाट आम्ही हलवलं, तर त्याची मागची फळी भिंतीलाच चिकटून राहिली. भिंत काळीकुट्ट, हात लावला की ओली भुकटी. आबांची खाट कपाटाच्या आधी तिथेच होती, त्याच भिंतीला उशी करून. त्यांचा दमा त्या भिंतीनं दिला का? डॉक्टर म्हणाले, आता कसं सांगणार. गिलावा विटेपर्यंत खरवडला, मागची माती काढून चर खणला, पुन्हा गिलावा केला. शेगडी कायमची बंद. तुमच्या घरात कपाटामागे ओल असेल तर रंग मारू नका, ओल कुठून येते ते शोधा. एवढं तरी माझं ऐका.

आणि खिडकीचं म्हणाल तर मी सगळे हिशेब लावून पाहिलेत. वैशू झोपेत चालते का, आईंना भास झाला का, मी पेंगले होते का... पण ती गाठ मी जागेपणी पाहिलीय आणि आमच्या घरात दुसरं कुणी डावखुरं नाही. वडिलांना सांगितलं तर त्यांनीही चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर आईंनी पहिलं काम केलं ते खिळे उपसायचं. सचिनला हात लावू दिला नाही. तेव्हापासून दिवसभर ती खिडकी सताड उघडी असते. फक्त पावसाळ्यात, रोज संध्याकाळी, आई स्वतः फळी लावतात, कडी घालतात, कागद खाली सोडतात. एकदा मी म्हटलं, राहू दे की उघडी. म्हणाल्या, "लावल्याबिगार ते कशाला येतील?"

सकाळी उठल्या की आधी तिकडे जातात. अजून एकदाही ती उघडलेली नाही. थोडा वेळ कडीकडे बघत उभ्या राहतात आणि मग स्वतःच्या हातानं खिडकी उघडतात.